हाताच्या उंचीचा रूळ

सोमवार, १२ नोव्हेंबर १९३४

गिरणी सोडताना नक्षीच्या चौकडीच्या सहा कोऱ्या वह्या काखेत मारून आणल्या होत्या. त्यातली ही पहिली. आजवर या चौकडीत मी लुगड्यांचे काठ काढले, एका चौकोनात एक दोरा. आता एका चौकोनात एक अक्षर बसवून रोजनिशी लिहावी म्हणतो. रेघा मात्र भलत्याच फिक्या छापल्या आहेत. गिरणीने छापखाना बदललेला दिसतो.

रोजनिशी सुरू करायला कारणही तसंच घडलं आहे. सात महिने मी रिकामा होतो. रंगखात्याच्या माणसाशी माझं वाजलं, तो जांभळ्याला तांबडा म्हणत होता आणि साहेबाने त्याची बाजू घेतली. बत्तीस वर्षं नक्षीमास्तर म्हणून काम केलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं? टोपी घातली आणि निघालो.

आज सकाळी बजाबाई नावाची बाई निरोप घेऊन आली. "शिवम्माअक्कांनी बोलावलंया. चनबसप्पांच्या घरच्या." चनबसप्पा आमच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागखात्याचे मुकादम होते, गेल्या वर्षी गेले. साखर पेठेत त्यांची हातमागाची मोठी खोली आहे, आठ मागांची. माग कधीच थंड पडले.

शिवम्मा दारातच भिंतीला हात लावून उभ्या होत्या. त्यांना तिथं खानावळ काढायची आहे. नवं काही आणायचं नाही, आहे त्यातूनच सगळं उभं करायचं. आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरायच्या आत. कारण त्यांचे थोरले दीर महादेवप्पा. अक्कलकोटकडे त्यांची शेती आहे. जत्रेपर्यंत खानावळ उभी राहिली तर राहिली, नाहीतर खोलीत ते ज्वारी भरणार आणि शिवम्मांना गावी नेणार.

"गावाकडं मला कुनी काम लावनार न्हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात बसवून वाढतील. म्या आजवर दुसऱ्याला वाढलंया."

मी म्हटलं, मी नक्षीवाला, मला खानावळीतलं काय कळतंय?

"मालक सांगायचे, तुमी नक्षी मोठ्यानं बोलत बोलत काढता. दोन तांबडे, येक पांढरा, असं. तसंच हितंबी करा. काय करताय ते बोलत ऱ्हावा. येवढंच म्हननं हाय माजं."

विचित्र अट. पण गिरणीत याच बोलण्यापायी लोक मला हसायचे, आणि इथं ते कामाची अट म्हणून पुढं आलं. हो म्हणून बसलो.

बुधवार, १४ नोव्हेंबर

खोली मापली. छत्तीस फूट लांब, भिंती दगडमातीच्या, वर धाबं. जमिनीत आठ खड्डे, विणकराने पाय सोडून बसायचे. कोपऱ्यात मोडलेल्या मागांची रास, रूळ, फण्या, धोटे, आणि बॉबिनींची तीन पोती. बाभळीचं लाकूड हातांनी पुसून पुसून असं झालं आहे की गालाला लावावं.

दुपारी तिथंच पडलो आणि अर्धवट झोपेत मला सगळी खानावळ दिसली. खड्डे तसेच आहेत. प्रत्येक खड्ड्यावर मागाची फळी आडवी. गिरणीचे लोक काठावर बसून पाय खाली सोडून जेवताहेत, पायांना जमिनीतला गारवा लागतो आहे. आठ खड्ड्यांत आठ पंगती. अशी खानावळ अख्ख्या मुलखात नसेल.

उठून धावत सांगायला गेलो. शिवम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लई चांगलं हाय. पन खड्डे पयले बुजवा."

"अहो पण..."

"येकबी ठेवू नगा. आजच बुजवा."

माझ्या उत्साहावर पाणी पडलं. बाईंना नवं काही पटत नाही. ज्ञानू सुतार गडी घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत आठही खड्डे दगड नि पांढरी माती भरून ठोकून टाकले. मी तोंड फिरवून उभा होतो.

रविवार, १८ नोव्हेंबर

आज रूळावरून वाद झाला.

कापड गुंडाळायचे रूळ आठ आहेत, प्रत्येकी सहा फुटांचे. माझा बेत असा की सहा रूळ उभे करून जेवायच्या भागात खांब करायचे आणि मध्ये मागाच्या दोऱ्यांची जाळी ताणायची. हे शिवम्मांना मान्य. पण उरलेले दोन त्यांना स्वैपाकघराच्या भिंतीला आडवे, एकाला एक जोडून हवे आहेत. मागच्या दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून वाढायच्या खिडकीपर्यंत. हाताच्या उंचीवर.

मी म्हटलं, ती भिंत मी चुन्याने अशी घोटून घेणार आहे की आरशासारखी लखलखेल. तिच्यावर हे दांडकं कशाला? जिन्याला कठडा असतो, स्वैपाकघराला कोण लावतं?

"लावा की, मास्तर."

शिवाय त्यावर खाचा हव्यात. पाण्याजवळ एक, पिठाजवळ दोन, चुलीजवळ तीन, खिडकीजवळ चार.

ज्ञानू माझ्याकडे बघून हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं. या रूळांवर चनबसप्पांचा हात वर्षानुवर्षं फिरलेला. बाई दिवसातून शंभरदा तिथून जाणार, आणि जाताना त्यांना त्या हातावरून हात फिरवायचा आहे. माझी सरस्वती गेल्यावर तिच्या उखळाजवळ मीसुद्धा विनाकारण जाऊन बसायचो.  रूळ लावायला सांगितले.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

चार दिवस फरशी. गिरणीच्या आवारात फुटक्या शहाबादी फरशीचा ढीग पडून होता, वॉचमनशी जुनी ओळख, दोन गाड्या भरून आणल्या. निळसर आणि पिवळट अशा दोन जाती. मी जमिनीवर चौकडी आखली आणि लुगड्याच्या काठासारखी बसवायला घेतली. मोठ्यानं बोलत: "निळा, निळा, पिवळा, निळा. इथं पिवळा जरा फुटका आहे, कोपरा गेलेला, पण त्यामुळे पान उमटल्यासारखं दिसतंय."

शिवम्मा अनवाणी फिरत होत्या. हळूहळू, एका फरशीवरून दुसरीवर.

"ही गुळगुळीत. ही खरबुडी. मास्तर, चुलीपुढं येक पट्टा खरबुड्याचा करा. आनि त्याच्या आत फरशी नगंच, शेनानं सारवलेली भुई ऱ्हाऊ द्या, जरा खोलगट."

"खरबुड्या सगळ्या पिवळ्या आहेत. तो पट्टा मध्येच पिवळा दिसेल. माझी नक्षी तुटते."

"रंगाचं तुमी बघा. मला पायाला लागलं पायजे."

मला राग आला. एवढी मेहनत घेऊन रंग जुळवायचे आणि गिऱ्हाइकाने खाली मान घालून एकदा बघूही नये? घरी आलो तरी तो राग गेला नाही. मग पट्टा केला. संध्याकाळच्या उन्हात तो पिवळा पट्टा चुलीसमोर उंबऱ्यासारखा दिसत होता. कबूल करतो, वाईट दिसत नव्हता.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

वाढायच्या खिडकीभोवती फुटक्या बरण्यांच्या खापऱ्या चुन्यात बसवतो आहे. चुन्यात गूळ नि बेलफळाचा गर. हाताला चिकट, नाकाला गोड वास. हे काम करताना वेळ जातो कुठं कळत नाही. एकेक तुकडा उचलायचा, उजेडात धरायचा, नाव घ्यायचं, बसवायचं.

आज एक निळा तुकडा हातात घेऊन मी म्हटलं, "हा निळा. तळ्याच्या पाण्यासारखा. हा मधोमध." तेव्हा बजाबाई पदर तोंडाला लावून हसली. काय झालं विचारलं तर "काय न्हाय मास्तर, काय न्हाय." आणि शिवम्मा पलीकडून म्हणाल्या, "बजा, गप." अडाणी बाई. माणसाने निळ्यात रमावं यात हसण्यासारखं काय आहे?

चष्म्याची काच पुसली. पुसूनही धुरकटच. सोलापुरात धूळ फार झाली आहे.

मंगळवार, ४ डिसेंबर

फडताळाचा दिवस. मडक्यांवर झाकणं लाकडी, ज्ञानूने केलेली. शिवम्मांची फर्माईश अशी की प्रत्येक झाकणाची मूठ वेगळी पाहिजे. मिठाला लहान बॉबिन, तिखटाला मोठी. हळदीला धोट्याचं टोक. जिऱ्याला फणीचा तुकडा, गुळाला शेळीचं शिंग. शेंगाच्या चटणीला नुसता सुतळीचा गोळा.

आता मात्र मी खूश. चुकत होतो मी, बाईंना दृष्टी आहे. हौसेची, बारकाईची दृष्टी. एकसारखी झाकणं कुणीही करील. मी मुठी बसवत होतो नि एकेकीचं वर्णन करत होतो, आणि त्या पाटावर बसून, डोळे मिटून, ओठांत हसत ऐकत होत्या. मग एकेक मूठ हातात घेऊन चाचपून परत ठेवायच्या.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"तुमी सांगितलं तसंच," त्या म्हणाल्या.

मला आयुष्यात नक्षीला यापेक्षा चांगली पावती मिळाली नाही.

सोमवार, १० डिसेंबर

बिरप्पा धनगराने जुनी घोंगडी दिली. तिकडच्या मेंढ्यांची काळी लोकर, कडेला पांढरी धार. स्वैपाकघर आणि पंगत यांच्यामध्ये ती पडदा म्हणून टांगली. वारा आला की जड हलते. तिच्याआड बजाबाई भाकरी थापते, तो आवाज येत राहतो, माणूस दिसत नाही. मी पंगतीच्या जागी एकटा बसून तासभर नुसता ऐकत होतो. थप, थप, थप. हातमाग चालू असताना या खोलीत असाच आवाज येत असेल. मला वाटलं मागच चालू आहेत, आणि घोंगडीपलीकडे भाकरीचंच कापड विणलं जातं आहे, गरम, पांढरं, गोल. असं काहीतरी मनात येत राहतं हल्ली. म्हातारपणाला माणूस हळवा होतो म्हणतात. मी अजून छप्पन्नच वर्षांचा आहे.

बुधवार, १९ डिसेंबर

महादेवप्पा आले. उंच, पिळदार, कपाळाला विभूती, हातात काठी. धाकट्या भावाच्या बायकोला गावी न्यायला आलेला माणूस म्हणून मी त्यांच्यावर आधीच चिडून होतो. पण बोलणं मऊ.

सगळं फिरून बघितलं. रूळावर काठी आपटून म्हणाले, "हे काय लावलंय?"

"शोभेला," मी म्हटलं. शिवम्मांचं खासगी दुःख मी का सांगावं?

एक गोष्ट मला खटकली. थोरले दीर आले तरी शिवम्मा उठल्या नाहीत. चुलीपाशी बसूनच डोईवरचा पदर सारखा केला नि तिथूनच बोलल्या. पाणीसुद्धा बजाबाईने दिलं. रीतभात सांभाळणारी बाई, आज काय झालं कोण जाणे. मी तर मनात म्हटलं, भांडण असलं तरी पाण्याचा तांब्या स्वतः द्यावा.

महादेवप्पा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "शिवम्मा, तुझ्यानं हे हुईल? वीस वीस मानसं जेवायला बसनार. मिलच्या मानसांना येळ नसतो. कडकड हात चालला पायजे."

"येऊन बगा की, भावजी."

"हौदु, हौदु," ते कानडीतून हो म्हणत मान हलवून म्हणाले. "सात तारखंला सोमवार हाय. त्या दिशी मठातल्या स्वामींना पयलं पान वाढ. मी येतो. त्या दिशी सगळं नीट झालं तर मी पुन्ना ह्यो विषय काढनार न्हाय. न्हाय झालं तर त्याच दिशी गाडीत बसायचं."

"बसते," शिवम्मा म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी रूळ धरला आणि मागच्या दारापासून खिडकीपर्यंत सात वेळा चालून आल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शनिवार, २९ डिसेंबर

धाब्यात चुलीच्या वर धूर जायला गवाक्ष पाडलं. आता दुपारी बाराच्या सुमारास उन्हाचा एक गोल खाली उतरतो नि जमिनीवरून सरकत जातो. मी खडूने त्याच्या मागावर खुणा केल्या. बजाबाईने त्या सारवताना पुसल्या.

रविवार, ६ जानेवारी १९३५

सगळं तयार आहे. दुपारचे चार वाजलेत, पंगतीच्या जागी बसून लिहितो आहे.

दोऱ्यांच्या जाळीतून उजेड गाळून येतो. पाट मागाच्या फळ्यांचे, प्रत्येकाच्या कडेला धोट्याची खूण. हात धुवायच्या जागेला मोडक्या रांजणाचा काठ. इथं नवं असं काहीही नाही, आणि तरी हे कालपर्यंत जगात नव्हतं.

एक गंमत केली आहे. चनबसप्पांच्या घरचा जुना तांब्याचा हंडा मागच्या अंगणात कळकटून पडला होता. चिंचेने घासून घेतला. असा झळकला की मलासुद्धा लांबून नीट दिसला. तो पाण्याने भरून तिवईवर, पिवळ्या पट्ट्याच्या अगदी कडेला, चुलीच्या उजव्या अंगाला ठेवला आहे. उद्या बारा वाजता उन्हाचा गोल बरोबर त्याच्यावर पडणार. पंगतीतून घोंगडी जरा बाजूला झाली की समोर लखलखता तांबडा हंडा, पाठीमागे पांढरी भिंत. सगळ्या नक्षीला एवढा एकच ठिपका कमी होता.

शिवम्मा मठात गेल्या होत्या तेव्हा ठेवला. कुणाला सांगितलेलं नाही. उद्या बघून चकित होतील.

सोमवार, ७ जानेवारी

 आजचं आजच लिहिलं पाहिजे.

स्वामी आले, महादेवप्पा आले, गिरणीचे अठरा जण आले. एकवीस पानं मांडली. स्वामींनी पाणी फिरवलं. आमटीचा वास घोंगडीतून येत होता. उन्हाचा गोल हंड्यावर चढला आणि मी महादेवप्पांना म्हणणार होतो, बघा आता. तेवढ्यात पडदा हलला. शिवम्मा चुलीपासून आमटीचं पातेलं दोन्ही हातांनी घेऊन निघाल्या होत्या. चेहरा सरळ समोर. पाऊल टाकत टाकत थेट हंड्याकडे. त्या लखलखत्या, उन्हात पेटल्यासारख्या हंड्याकडे. मी हसत बघत होतो. मला वाटलं बघायलाच चालल्या आहेत.

गुडघा तिवईला लागला. पातेलं गेलं, हंडा गेला. सारं पाणी खोलगट भुईवरून चुलीत गेलं आणि राख, वाफ, धूर यांचा लोट उठला. बजाबाई किंचाळत बाहेर आली. महादेवप्पा ताडकन उठले.

"येवडा हंडा! येवडा लखलखता हंडा दिसला न्हाय?"



"हंडा मी ठेवला," मी ओरडलो. "काल ठेवला, कुणाला न सांगता. चूक माझी आहे." आणि आत शिरलो.

आत काही दिसेना. डोळे मिटले काय नि उघडले काय. खोकला येत होता, पायाखाली चिखल. दोन पावलं गेलो नि दिशाच हरवली. माझ्याच हाताने मापलेली खोली, चौकोन न चौकोन मोजलेला, आणि मला दार कुठं, चूल कुठं कळेना. हात पसरले. हाताला रूळ लागला.

बरोबर हाताच्या उंचीवर. त्याला धरून सरकलो. एक खाच. म्हणजे पाणी. मग दोन खाचा, पीठ. पायाला फरशी गुळगुळीत लागत होती, मग एकदम खरबुडी झाली. थांबलो. बोटाखाली तीन खाचा.

त्या वेळी सगळं कळलं. खड्डे का बुजवले ते. झाकणांच्या मुठी वेगळ्या का, दीर आल्यावर त्या का उठल्या नाहीत, डोळे मिटून काय ऐकत होत्या. दोन महिने मी ज्या घरात रंग जुळवत होतो ते घर हातापायांनी बघायचं होतं. आणि ते मीच बांधलं होतं, काय बांधतो आहे हे न कळता.

"शिवम्मा," मी म्हटलं.

"हितंच हाय मी." आवाज शांत, खालून आला. चुलीतली ओली राख हाताने बाजूला काढत होत्या. "मास्तर, हंडा ठेवला तर सांगायचं की मला. दोन म्हैने सगळं बोलत आलात, काल येवढंच तेवढं गप ऱ्हायलात."

मला रडू आलं. धुराने आलं म्हणायला सोय होती.

"पाय भाजला?"

"जरासा. ते मागनं. तुमच्या डाव्या हाताला तुराट्या हायत, कोरड्या. मूठभर द्या."

मी चाचपडत दिल्या. धूर भरलेला, बाहेर माणसं ओरडताहेत, आणि ती बाई एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अशी फिरत होती की मला तिच्या पावलांचा आवाज कुठंही अडखळल्याचा ऐकू आला नाही. चूल पेटली. मोठ्या बॉबिनीचं झाकण निघालं, लहान बॉबिनीचं निघालं. डाळीचं पीठ पाण्यात पडल्याचा आवाज, मग लसणीची फोडणी. भाकरी आधीच फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. धूर विरळ झाला तेव्हा पिठलं खदखदत होतं, आणि पडदा बाजूला करून महादेवप्पा उभे होते. किती वेळ उभे होते माहीत नाही.

ते वळले. जाऊन पाटावर बसले.

एकवीस पानांवर पिठलं-भाकरी नि शेंगाची चटणी. चार खाचांपाशी उभं राहून शिवम्मांनी खिडकीतून एकेक ताट पुढं केलं, बजाबाईने वाढलं. स्वामींनी दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. गिरणीचे लोक बोटं चाटत भोंग्याच्या आत पळाले.

सगळे गेले. महादेवप्पा हात धुऊन आले नि स्वैपाकघरातून खिडकीपर्यंत एकदा चालून गेले, रूळावर हात ठेवून. वाटेत कुणीतरी पाट तसाच टाकून गेलं होतं. ते वाकले, पाट उचलला, भिंतीला लावून उभा केला. मग बजाबाईला म्हणाले, "वाटंत काय टाकत जाऊ नका. कळलं?"

दारातून वळून शिवम्मांना म्हणाले, "जत्रंला येतो. पाच मानसं असतील. पिठलंच कर."

मंगळवार, ८ जानेवारी

पायाला कोरफड बांधून शिवम्मा सकाळीच कामाला लागल्या. मी माफी मागायला गेलो. म्हटलं, माझ्यासारख्या डोळस माणसाला दोन महिने कळलं नाही, लाज वाटते.

त्या तांदूळ निवडत होत्या, बोटांनी. 

"सुरुवातीला मला कडंकडंनं दिसायचं बंद झालं," त्या म्हणाल्या. "वाटायचं कंदिलाची काच काळी पडलीया. मग वाटलं गावात धूळ लई झाली. म्या चार वर्सं धुळीला शिव्या दिल्या, मास्तर."

मी चष्मा काढून काच पुसली.

"त्यो मधला तुकडा, खिडकीवरचा. तुमी निळा म्हनलात. बजा म्हनती हिरवा हाय."

"बजाबाईला काय कळतं रंगातलं?" मी म्हटलं आणि तडक उठून आलो. दुसऱ्याला आंधळं म्हणायचं हे काय बोलणं झालं? बत्तीस वर्षं माझ्या शब्दावर रंग ठरले. पुन्हा त्या खानावळीचं तोंड बघणार नाही.

बुधवार, ९ जानेवारी

काही नाही.

गुरुवार, १० जानेवारी

काही नाही. दुपारी वही खिडकीत नेऊन धरली. वर्षापूर्वीची, गिरणीतली एक जुनी वही काढून शेजारी धरली. तिच्याही रेघा फिक्याच. ती वही मी चांगली ओळखतो. त्या वेळी तिच्या रेघा गडद होत्या.

शनिवार, १२ जानेवारी

गेलो. गर्दीची वेळ टळली होती. दोऱ्यांच्या जाळीतून तोच उजेड येत होता आणि घोंगडीपलीकडे थप थप चालू होतं. शिवम्मांनी पायांवरून ओळखलं, "या मास्तर," म्हणाल्या, आणि पान वाढलं. मी जेवलो. दोघांनीही त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

हात धुऊन खिडकीपाशी गेलो. मधल्या तुकड्यावर बोट ठेवलं. गार, गुळगुळीत, एका कडेला जरासा खडबडीत. निळा की हिरवा, बोटाला काही कळत नाही. पण तो मधोमध आहे, हे कळतं.

"बजाबाई," मी म्हटलं, "याच्या शेजारचा कोणता रंग आहे?"

ती हसली नाही. "पिवळा, मास्तर."

"आणि त्याच्या पलीकडं?"

"तांबडा. दोन तांबडे, मग येक पांढरा."

ती सांगत गेली, मी बोट फिरवत गेलो. घोंगडीआड शिवम्मांचे हात थांबले होते, त्या ऐकत होत्या.

निघताना ज्ञानूला गाठलं. पंगतीतले सहा खांब जागच्या जागी असू देत म्हटलं, पण गिरणीमागच्या भंगारात अजून तसले रूळ पडलेत. त्यातला एक चांगला, हातांनी झिजलेला निवड, आणि सोमवारी माझ्या खोलीवर घेऊन ये.

"कुटं लावायचा, मास्तर?"

"दारापासून चुलीपर्यंत," मी म्हटलं. "हाताच्या उंचीवर. खाचा किती घ्यायच्या ते शिवम्मांना विचार."